गुडघ्याची काटामारी

“हाऊ काटा शे का?”

जळगावातल्या माझ्या क्लिनिकमध्ये फरशीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काळ्या प्लेटांकडे बोट करून आप्पांनी विचारलं. आप्पा चोपडा तालुक्यातले केळी बागायतदार. बाजूच्या खुर्चीत त्यांची १९ वर्षांची मुलगी, उजव्या गुडघ्यावर निळी नी-कॅप. मी म्हटलं, “काटाच आहे आप्पा. फक्त सेकंदाला १००० वेळा वजन करतो.” त्यांनी नुसतं “हं” केलं. ज्याचा माल आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यावर चढला, त्याला काट्याचं कौतुक नसतं. घड बागेतून निघाल्यापासून ट्रकमध्ये पडेपर्यंत काटा कुठे कुठे मारला जातो, हे त्यांनी पुढच्या काही महिन्यांत मला इतक्या वेळा ऐकवलं की या प्रकरणाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

हे लिहायला मुलीची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

दुखापत आणि वाया गेलेले दहा आठवडे

ती कबड्डीत डावा कोपरा सांभाळते. डिसेंबरातल्या एका सामन्यात चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायला ती झेपावली, उजवा पाय मॅटवर रोवलेलाच राहिला आणि धड आत वळलं. “कट्ट असा आवाज झाला सर, पण तो फक्त मलाच ऐकू आला.” तासाभरात गुडघा टरारून सुजला. एवढी हकिगत ऐकली की एमआरआयच्या आधीच एसीएलची शंका यायला हवी. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत गुडघ्याच्या आत तिरका जाणारा हा अस्थिबंध. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं हे त्याचं काम. एमआरआयमध्ये तो पूर्ण तुटलेला दिसला. गादी, म्हणजे मेनिस्कस, सुदैवाने शाबूत होती. जानेवारीच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली आणि मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा कंडरा वापरून नवा बंध बसवला गेला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. घोळ झाला तो घरी. दुखू नये म्हणून आईने गुडघ्याखाली उशी ठेवली आणि ती दोन महिने तिथेच राहिली. प्रेमाने ठेवलेल्या या उशीने जेवढे गुडघे वाकडे ठेवले असतील, तेवढे पडण्याने झाले नसतील. एप्रिलच्या मध्यावर, दहाव्या आठवड्यात, ती माझ्याकडे आली तेव्हा गुडघा पूर्ण सरळ व्हायला ८ अंश कमी पडत होते आणि मांडीचा घेर डाव्यापेक्षा ३ सेंटीमीटर कमी होता. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, पूर्ण जोर लावूच देत नाही. माणूस मनापासून ताकद लावतो, पण स्नायूपर्यंत हुकूमच अर्धा पोचतो. तशात गुडघा सरळ होत नसेल तर तो स्नायू आणखी झोपतो.

पहिले दोन-अडीच महिने गुडघा सरळ करणं, सूज उतरवणं आणि स्नायू जागा करणं यातच गेले. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. मे महिन्यात, जळगावचा पारा ४४ च्या वर असताना, दीड तास एसटीत बसून यायचं आणि उलटं जायचं, हे तिने एकदाही चुकवलं नाही, एवढंच नोंदवतो.

दोन घड्याळं

तिच्या डोक्यात दोन घड्याळं चालू होती. एक कबड्डीच्या मोसमाचं. दुसरं पोलीस भरतीचं, आणि आमच्या खानदेशात हे दुसरं जास्त जोरात वाजतं. पहाटे पाचला चोपडा, अमळनेर, शिरपूर कुठल्याही गावाच्या मैदानावर जा, भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, मैदानीचे एकूण ५० गुण. ८०० मीटर सरळ धावणं ही गुडघ्याच्या दृष्टीने एक गोष्ट, आणि कोपऱ्यात उभं राहून ३० सेकंदांच्या चढाईत समोरचीच्या हुलकावणीवर पाच वेळा थांबणं, वळणं, झेपावणं ही अगदी दुसरी. घरच्यांना हा फरक पटवणं माझ्यासाठी व्यायाम शिकवण्यापेक्षा अवघड होतं.

ऑगस्टअखेर सात महिने पूर्ण झाले. तोवर ती गावच्या रस्त्यावर धावत होती, वेदना नव्हती, सूज नव्हती. “सहा महिन्यांनी खेळायला हरकत नाही” असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. आप्पांचं म्हणणं सरळ होतं, “डाक्टर, पोर ते पयी राहिनी, मंग आते काय बाकी शे?”

नेहमीची लंगडी उडीची चाचणी घेतली. एका पायावर पुढे उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचं आणि अंतर मोजायचं. डावा पाय १३८ सेंटीमीटर, शस्त्रक्रियेचा उजवा १२८. म्हणजे ९३ टक्के. ९० च्या वर गेलं की पास, असा सर्वसाधारण नियम. नुसती टेप घेऊन बसलो असतो तर त्या दिवशी मी तिला हिरवा कंदील दाखवला असता, आणि काही वर्षांपूर्वी इतरांना तो दाखवलेलाही आहे.

अडचण अशी की पुढे मारलेल्या उडीत गुडघ्याचं काम फार थोडं असतं. कतारमधल्या अ‍ॅस्पेटार रुग्णालयातल्या अभ्यासकांनी हे मोजून दाखवलं आहे. आडव्या उडीत शरीर पुढे फेकण्याच्या कामात गुडघ्याचा वाटा साधारण आठवा हिस्सा असतो, बाकी सगळं नितंब आणि घोटा करतात. सरळ वर मारलेल्या उडीत मात्र गुडघ्याला जवळजवळ तिसरा हिस्सा उचलावा लागतो. त्यामुळे अशक्त गुडघा लंगडी उडीत आरामात लपतो. म्हणून तिला प्लेटवर घेतलं.

बाटली

प्लेट उंची मोजत नाही. पाय जमिनीला किती जोराने ढकलतात तेवढंच ती मोजते, आणि जमीन तेवढ्याच जोराने उलट ढकलते हा न्यूटनचा तिसरा नियम. त्या बलाचा काळाबरोबर काढलेला आलेख म्हणजे सगळी चाचणी. ५५ किलोची मुलगी स्थिर उभी असेल तर रेषा ५४० न्यूटनवर सपाट असते. ती झटकन खाली बसू लागली की रेषा घसरते, कारण शरीर काही क्षण जणू हलकं होतं. मग ती खाली जाणं रोखते तेव्हा रेषा उसळते, हा ब्रेकचा टप्पा. त्यापुढे वर ढकलण्याचा टप्पा, मग पाय सुटले की शून्य, आणि जमिनीवर आदळताना एक सुळका. दोन पायांखाली दोन प्लेटा असल्याने प्रत्येक टप्प्यात कोणत्या पायाने किती भार उचलला ते वेगवेगळं दिसतं. कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांचं चालणं तपासायला फ्रान्समध्ये ज्यूल आमार यांनी पावलाचं बल नोंदवणारा पट्टा तयार केला होता, म्हणजे या यंत्राचं पुनर्वसनाशी नातं जुनं आहे.

हात कमरेवर, एक-दोन सेकंद अगदी स्थिर, मग झटकन बसून उंच उडी. तीन वेळा. पडद्यावर सरासरी उंची २६ सेंटीमीटर आली. मी मोठ्याने “सव्वीस!” म्हणालो, पोरगी हसली, आप्पांनी पहिल्यांदा पाठ टेकली.

मग मी आलेख मोठा करून पाहिला. उडीच्या मधोमध, दोन्ही पाय हवेत असताना, डाव्या प्लेटची रेषा शून्याच्या खाली होती. वीसेक न्यूटन उणे. हवेत असलेला माणूस जमिनीला वर ओढू शकत नाही. खाली पाहिलं तर प्लेटच्या कडेला तिची दोन लिटरची पाण्याची बाटली आडवी पडलेली. चाचणीपूर्वी मी यंत्र शून्य केलं तेव्हा ती डाव्या प्लेटवर उभी होती आणि नंतर तिने ती उचलून खाली ठेवली होती. शून्यच दोन किलोने चुकलं होतं.

ही चूक अशी होती की सगळे आकडे गोड झाले. यंत्राला तिचं वजन ५५ ऐवजी ५३ किलो वाटलं. ढकलण्यातून मिळालेला आवेग तोच, पण वस्तुमान कमी धरल्यावर वेग जास्त निघतो, आणि उंची वेगाच्या वर्गावर जाते. म्हणून २४ चे २६ झाले. शिवाय दोन किलो निरोगी डाव्या पायाच्या खात्यातून वजा झाल्याने उजवा पाय होता त्यापेक्षा बरा दिसत होता. मी आप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते मनापासून हसले. “म्हंजे तुम्हनाच काटा खोटा निंघना!” विश्वास बसला तो त्या क्षणापासून, हे मात्र खरं. त्यांच्या माहितीतला हा पहिलाच काटेवाला असावा ज्याने स्वतःहून कबूल केलं.

पुन्हा शून्य केलं, पुन्हा तीन उड्या. आता उंची २४.

पाय कसा लपवतो

२४ सेंटीमीटर वाईट नाही. दुखापतीपूर्वीचा आकडा मात्र कुणाकडेच नव्हता. प्रशिक्षकांच्या वहीत भिंतीवर हात लावून मोजलेली ३६ सेंटीमीटरची नोंद सापडली, पण ती हात झोकून मारलेली उडी होती, तिची कमरेवर हात ठेवलेल्या उडीशी तुलना करणं म्हणजे क्विंटल आणि डझनाची तुलना.

उंचीखालचे आकडे वाचले तेव्हा गोष्ट उलगडली. ब्रेकच्या टप्प्यात डाव्या पायाचा वाटा ५८, उजव्याचा ४२. वर ढकलताना ५४ आणि ४६. उतरताना एकूण सुळका १९०० न्यूटनचा, शरीराच्या वजनाच्या साडेतीन पट; त्यातले ११६० डाव्यावर आणि ७४० उजव्यावर, म्हणजे ६१ आणि ३९. एका पायावरच्या सरळ उडीत डावा १३.५ सेंटीमीटर, उजवा फक्त ९. हे ६७ टक्के. ज्या पायाला टेपने ९३ दिले होते, त्यालाच प्लेटने ६७ दिले. पट्टा लावून मोजलेली क्वाड्रिसेप्सची ताकद डाव्याच्या ७४ टक्के होती, म्हणजे प्लेटशी जुळणारी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून रिपोर्ट वाचणाऱ्यांची भांडणं होतात. ५८ आणि ४२ मधला फरक कुणी एकूणाच्या हिशेबात १६ टक्के लिहितो, कुणी निरोगी पायाच्या हिशेबात २८ टक्के. दोन्ही बरोबर. सूत्र न विचारता दोन क्लिनिकांचे आकडे शेजारी ठेवले तर रुग्ण एका बसच्या प्रवासात सुधारतो किंवा बिघडतो.

आता खरा प्रश्न: उजवा पाय कमी काम करतो तो अशक्त आहे म्हणून, की घाबरतो म्हणून? उपाय त्यावर ठरणार होता. मी एक साधा प्रयोग केला. तिला म्हटलं, “आता उंचीचा विचार सोड. दोन्ही पायांवर सारखी उतर, बास.” पुढच्या तीन उड्यांत उतरतानाची वाटणी ६१-३९ वरून ५५-४५ वर आली. नुसत्या सांगण्याने. पण ब्रेकच्या टप्प्यात ५८-४२ चं जेमतेम ५७-४३ झालं आणि उंची दीड सेंटीमीटरने उतरली. म्हणजे उतरणं बऱ्याच अंशी सवयीचं होतं, आणि ब्रेक लावणं हे ताकदीचं. सवय सांगून सुटते. ताकदीला कितीही सांगा, ती वजन उचलल्याशिवाय येत नाही.

कोपऱ्यातल्या खेळाडूचा सगळा खेळ ब्रेकचा आहे. चढाईवालीने बोनसची हूल दिली की पुढे टाकलेलं पाऊल रोखायचं, अंग मागे घ्यायचं, पुन्हा झेपावायचं. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, त्यात धावायला जागा नाही, थांबायलाच लागतं. जो पाय थांबताना आपला वाटा दुसऱ्यावर ढकलतो तो तिथे फार काळ लपू शकत नाही. मी हे आप्पांना आलेखावर बोट ठेवून दाखवलं. “वजन एकूण बरोबर भरतं आप्पा, पण उजव्या पारड्यातला माल डाव्यात टाकून.” ते म्हणाले, “मापात पाप.” मला याहून चांगली व्याख्या आजवर कुणी दिलेली नाही.

परतण्याचा निर्णय पुढे ढकलला. नुसतं प्लेटवरून नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो या अमेरिकी-नॉर्वेजियन संशोधकांच्या गटाच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. त्याच वर्षीच्या एका एकत्रित आढाव्यात, २५ वर्षांखालच्या आणि खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी २३ टक्क्यांना या ना त्या गुडघ्यात दुसरी एसीएल दुखापत झाली होती. चौघींत जवळपास एक. १९ वर्षांच्या मुलीला हे सांगताना मी आवाज चढवला नाही, चढवायची गरजही नव्हती.

गोणी, काटे आणि वही

व्यायाम ठरवताना एक जुना समज आडवा आला. बसून पाय सरळ करण्याचा लेग एक्स्टेन्शन हा व्यायाम एसीएलवाल्याने करूच नये, असं जिममधल्या प्रशिक्षकाने तिला बजावलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत कोन आणि वजन सांभाळावं लागतं हे खरं, विशेषतः गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात. पण सात महिन्यांनंतरही तो व्यायाम टाळला तर क्वाड्रिसेप्सला एकट्याने काम करायची वेळच येत नाही. स्क्वॉटमध्ये नितंब मदतीला धावतात, डावा पाय धावतो, आणि उजवी मांडी नुसती हजेरी लावते. म्हणून तालुक्याच्या जिममध्ये आठवड्यातून तीन दिवस: एका पायाने लेग एक्स्टेन्शन, आधी ९० ते ४५ अंशांत, मग पूर्ण, एका पायाने लेग प्रेस, आणि स्प्लिट स्क्वॉट, खाली जाताना मनात तीन मोजत. घरी वजन नव्हतं. आप्पांनी युरियाच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून, मोजून, २० किलोचं गाठोडं शिवून दिलं.

उतरण्याच्या सवयीसाठी मी त्यांना बाजारातून घरगुती वजनाचे दोन काटे घ्यायला सांगितले. प्रत्येक पायाखाली एक ठेवायचा, सावकाश अर्धं बसायचं आणि दोन्ही आकडे सारखे ठेवायचा प्रयत्न करायचा. उडीतलं यात काहीच कळत नाही, असे काटे सेकंदाच्या दहाव्या हिश्शातली घडामोड पकडू शकत नाहीत. पण संथ हालचालीत भार कुठे आहे हे पायाला रोज समजत राहतं. आप्पा सकाळी चहा घेत समोर बसायचे आणि केळीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर दोन आकडे लिहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता दोन काट्यांची अदलाबदल करून पाहिली. एक काटा सव्वा किलो जास्त दाखवत होता.

मी त्या दिवसापासून प्लेटवरही तेच करतो. तीन उड्या झाल्या की खेळाडूला तोंड फिरवून उभं करतो, म्हणजे उजवा पाय डाव्या प्लेटवर येतो, आणि पुन्हा तीन. फरक पायाबरोबर फिरला तर पायाचा, प्लेटबरोबर राहिला तर माझा. पुस्तकांत हे लिहिलेलं असेलच. मी ते चोपडा तालुक्यातल्या एका ओट्यावरून शिकलो.

साडेआठव्या महिन्यात एक गडबड झाली. ठरलेल्या दिवशी ती आली, उडी घेतली तर उंची २१.५. आकडे पुन्हा तपासले, बाटली पाहिली, सगळं ठीक. गुडघ्याला हात लावला तर किंचित पाणी झालेलं. बऱ्याच वेळाने खरं बाहेर आलं. भरतीच्या मैत्रिणींबरोबर ती तीन दिवस सलग ८०० मीटरचे वेळ लावून राऊंड मारत होती, शिवाय १०० मीटरचे स्प्रिंट. मी रागावलो नाही असं लिहिलं तर ती हे वाचून हसेल. दहा दिवस उड्या बंद, सायकल आणि वजन चालू. सूज उतरली, उंची परत २४ वर आली. त्यानंतर आम्ही एक करार केला: ती काहीही करू दे, पण करण्यापूर्वी मला फोन करेल.

टक्क्यांचा फसवा बाजार

नऊ महिने पूर्ण झाले तेव्हा ऑक्टोबर संपत होता. उंची २५. ब्रेक ५४-४६, उतरणं ५५-४५. एका पायावर उजवा ११.५, डावा १४, म्हणजे ८२ टक्के. ताकद ८५ टक्के. चित्र सुधारलं होतं, पण पुरेसं नाही. दिशा बदलण्याचे आणि हुलकावणीचे सराव सुरू केले, पकडी नाहीत.

डिसेंबरअखेर, अकराव्या महिन्यात, ती निकाल पाहून रडली. एका पायावर उजवा १३, डावा १५.५. टक्के किती? ८४. दोन महिने घाम गाळून दोन टक्के. मी तिला टक्के झाकून नुसते सेंटीमीटर दाखवले. उजव्या पायाने दोन महिन्यांत दीड सेंटीमीटर कमावले होते आणि तो आता डाव्या पायाच्या ऑगस्टमधल्या १३.५ च्या दाराशी होता. घात केला होता डाव्याने, तोही सुधारत होता. दुखापतीनंतर निरोगी पायही महिनोन् महिने बसून असतो आणि कमजोर होतो. त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलना सुरुवातीला उगाच गोड वाटते आणि नंतर उगाच कडू. यावरचा उपाय म्हणजे निरोगी पायाचं माप शस्त्रक्रियेपूर्वीच, तो बसून जायच्या आत, घेऊन ठेवायचं. या मुलीचं ते घेतलेलं नव्हतं. ती माझ्याकडे दहाव्या आठवड्यात आली हे कारण आहे, पण दहाव्या आठवड्यात तरी डाव्या पायाची ताकद नोंदवता आली असती. नोंदवली नाही. आता क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचा चांगला पाय मी आधी मोजतो, दुखऱ्याला हात लावण्यापूर्वी.

त्याच भेटीत पकडींच्या सरावाला परवानगी दिली: आधी ओळखीची जोडीदार, सांगून केलेली चढाई, मग न सांगता केलेली.

फेब्रुवारीच्या मध्यात, साडेबारा महिन्यांवर, शेवटची मोठी चाचणी. या वेळी दोनदा मोजायचं ठरवलं, एकदा ताजं आणि एकदा दमवून. तोवरच्या सगळ्या चाचण्या मी तिला आराम देऊन घेतल्या होत्या, आणि सामना आराम देत नाही.

प्लेटा जमिनीवर ठेवल्या. मी यंत्र शून्य करायला वाकलो तेवढ्यात आप्पा खुर्चीतून उठले. “बाटली कोठे शे?” बाटली तिच्या बॅगेत होती. त्यांनी बॅगच उचलून खिडकीत नेऊन ठेवली आणि मग मला मानेने खूण केली.

ताज्या अवस्थेत उंची २७. ब्रेक ५२-४८. एका पायावर उजवा १४.२, डावा १५.६, म्हणजे ९१ टक्के, आणि उजवा ऑगस्टमधल्या डाव्याच्या पुढे. ताकद ९२. मग बाहेरच्या पार्किंगमध्ये ३० सेकंदांच्या सहा चढायांचा सराव, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, आणि लगेच पुन्हा प्लेटवर. उंची २५ वर आली, ते अपेक्षित होतं. ब्रेक मात्र ५७-४३. दमल्यावर शरीराने जुनी वही उघडली होती.

तिला खेळू द्यायचं ठरलं, पण अर्ध्या मापाने. प्रशिक्षकांशी बोललो आणि पहिल्या तीन सामन्यांत तिला फक्त एका डावापुरतं उतरवायचं असं लिहून दिलं. मार्चच्या सुरुवातीला, तेराव्या महिन्यात, तिने पहिला सामना खेळला. दोन यशस्वी पकडी, एका चढाईत ती स्वतः बाद. दुसऱ्या डावात बसवल्याबद्दल माझ्यावर तिचा राग आहे आणि तो तिने लपवलेला नाही. दमवून घेतलेली चाचणी आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा केली, ब्रेक ५४-४६ आला. पूर्ण सामन्याची मुभा तेव्हा दिली.

भरतीची त्या वर्षीची मैदानी तिने सोडली. पुढच्या वेळेसाठी तिचा ८०० मीटरचा सराव चालू आहे, करारानुसार फोन करून. आप्पांच्या वहीत मागचं पान भरलं म्हणून आता आकडे केळीच्या नोंदींमध्येच येतात. गेल्या वेळी मी पाहिलं तर पिलबागेच्या वजनाखाली लिहिलं होतं, “डावा २८, उजवा २७”.